बोथट टोचा

"बत्तीस," त्या म्हणाल्या.

मी अजून नावही सांगितलं नव्हतं. कारखान्याच्या दारात चपला काढत होते. आत लांबलचक टेबलापाशी एक बाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्या एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत नजर फिरवली आणि आकडा सांगून मोकळ्या झाल्या.

"नाही, एकोणीस," मी गोंधळून म्हटलं. "एकोणीस पूर्ण झाली."

मशिनीवरच्या सगळ्या बाया खो खो हसल्या. त्या मात्र हसल्या नाहीत. "वय कोण इचारतंय? माप सांगितलं तुझं. बत्तीस हायस. भरशील हळूहळू."

आमचा कारखाना भवानी पेठेत. शाळेचे गणवेश शिवायचा. आमच्या सोलापुरात एका गल्लीत मागाची खडखड असते, तर पुढच्या गल्लीत शिलाई मशीनची घरघर. ज्या घरातून काहीच आवाज येत नाही, तिथले लोक गावाला गेलेत असं समजायचं. गणवेशाच्या कारखान्यात शिवणाऱ्या पन्नास असल्या तरी कापणारा एकच असतो. त्याला मास्तर म्हणतात. कापडाचे थरावर थर लावायचे, वर खडूने आखायचं आणि एका दमात वीस-बावीस शर्ट कापायचे, हे मास्तरचं काम. कात्री चुकली तर एक शर्ट नाही, अख्खी थप्पी वाया जाते. म्हणून मास्तरला मान असतो, आणि म्हणूनच की काय, मास्तर सगळीकडे पुरुष असतो. आमच्याकडे मात्र ह्या बाई होत्या. मालकांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. "मास्तर आल्या," असं कुणी म्हटलं की नवीन माणूस दाराकडे बघत राहायचा आणि नऊवारीतल्या, कपाळाला खडू लागलेल्या बाई आत यायच्या.

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्यांना ते रुचणार नाही. "नावाला काय करायचंय? माप बराबर असलं म्हंजे झालं," असं त्या म्हणायच्या, आणि माणसं खरोखरच त्यांच्या लक्षात मापानेच राहायची. पोस्टमन बदलला तर "छत्तीस गेला, चाळीस आला." नवी पेठेतून त्यांच्याबरोबर चालणं म्हणजे जनगणनेला निघाल्यासारखं वाटायचं. गर्दीतून रिक्षा अंगावर येत असायची आणि ह्या पुटपुटत असायच्या, "अडतीस. चाळीस. हा बेचाळीस, पर अडतीसचा घालून फिरतोय बघ, बटण रडतंय त्याचं."

आमच्यातल्या एकीच्या लग्नात नवरदेव बोहल्यावर उभा राहिला. आम्ही सगळ्या त्याचे नाक-डोळे बघतोय, तर माझ्या कानाशी आवाज आला, "उजवा खांदा पाव इंच खाली हाय. शिवणाऱ्यानं बघितलंच न्हाय." पुढे लग्नाचे फोटो आले. नवरदेव प्रत्येक फोटोत एका बाजूला कललेला. आता ती मैत्रीण भेटली की म्हणते, संसार चांगला चाललाय, खांदा तेवढा तसाच आहे.

मी लागले होते धागे कापायला. शिवून आलेल्या शर्टाचे लोंबणारे दोरे कापायचे, हे सगळ्यात खालचं काम. पण पहिल्याच दिवसापासून माझं लक्ष त्या टेबलावर होतं. सरळ सांगते, मला ते टेबल हवं होतं. मला मास्तर व्हायचं होतं. एकदा धीर करून मालकांना तसं म्हटलं, तर ते फोनवरून मान वर न करता म्हणाले, "एक बाई टेबलावर आहे तेवढं पुष्कळ झालं."

शाळेत आम्हाला 'माझे आदर्श व्यक्तिमत्त्व' असा निबंध असायचा. तुम्हीही लिहिला असेल. गाईडमधून एखादा थोर माणूस उचलायचा, त्याचे गुण पाच ओळींत लिहायचे, शेवटी "मीही त्यांच्यासारखी होईन" असं ठोकून द्यायचं आणि घंटा झाली की विसरून जायचं. आदर्श म्हणजे भिंतीवरच्या चौकटीतला, हार घातलेला माणूस, अशीच माझी समजूत होती. आदर्श दुपारी आपल्या शेजारी बसून कडक भाकरीवर शेंगाची चटणी आणि दही खाऊ शकतो, हे कुठल्या गाईडमध्ये लिहिलेलं असतं?

तर मी त्यांची नक्कल करू लागले. त्यांच्यासारखीच टेप गळ्यात दोन वेढे देऊन घालायची. खडू कमरेला खोचायचा. थर लावताना कापड फडफडू नये म्हणून पंखा बंद असतो. सोलापूरचा एप्रिल-मे आणि पंखा बंद! बाकीच्या बाया पदराने वारा घेत मास्तरांना मनातल्या मनात शिव्या घालायच्या, पण मास्तर वारा घेत नाहीत म्हणून मीही घ्यायची नाही. घामाच्या धारा लागल्या तरी देवळातल्या मूर्तीसारखी उभी. थर लावून झाले की त्या लगेच कापायच्या नाहीत. थपथप हात मारून म्हणायच्या, "जरा निजू दे त्याला. वडून आणलंय ताग्यातनं, अंग दुखत असंल." मग मीही घरी भाकरी थापून झाली की तिला थपथप करून "निजू दे" म्हणायची. आयुष्यभर उभं राहून राहून मास्तरांच्या चालण्यात एक झोल आला होता, डाव्या पायावर किंचित रेलून चालायच्या. तोही मी उचलला. विड्या वळत बसलेल्या आईने चार दिवस बघितलं आणि पाचव्या दिवशी विचारलं, "काय गं, पाय मुरगळलाय का? हळद लावू?"

रोज दुपारी जेवण लवकर उरकून मी टेबलासमोर, त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहायची आणि त्यांचे हात बघायची. मास्तर डावखुऱ्या होत्या. त्या काही शिकवायच्या नाहीत आणि हाकलायच्याही नाहीत.

त्यांच्या हत्यारांत माझं सगळ्यात जास्त प्रेम होतं टोच्यावर. लाकडी मुठीचा, सुईसारखा पण जाडसर लोखंडी टोचा. खिसा कुठे लावायचा ते शिवणाऱ्या बाईला कळावं म्हणून कापलेल्या थप्पीत हा टोचा वरून खालपर्यंत घालायचा. प्रत्येक कापडावर बारीकसं भोक पडतं, तीच खिशाची खूण. बाकी सगळीकडे टोचा धारदार लागतो. आमच्या मालकांनी तर टोचायचं नवं विजेवरचं यंत्रच आणून ठेवलं होतं. मास्तरांनी त्यावर आपली पाण्याची बाटली ठेवायला सुरुवात केली.

दर महिन्याला सायकलवर चाक बसवलेला धारवाला चाचा यायचा. मास्तर त्याच्याकडे कात्र्या धार लावायला द्यायच्या आणि मग टोचा पुढे करायच्या. "ह्याची धार घालव. टोक गोल कर."

चाचा दर वेळी कपाळावर हात मारायचा. "मास्तर, सारी दुनिया धार लगाने आती मेरे पास. तुम अकेली निकालने आती!"

"दुनियाला गडबड हाय. मला न्हाय," मास्तर म्हणायच्या.

असं का, हे मी कधी विचारलं नाही. नक्कल करणाऱ्याला प्रश्न पडत नाहीत, हा नकलेचा मोठा फायदा.

मग तो मे महिना आला. शाळा उघडायच्या आतली घाई. नेमकं त्याच आठवड्यात मास्तरांच्या भाचीच्या बाळाचं बारसं निघालं आणि त्या एक दिवसासाठी वेळापूरला गेल्या. तीन थप्प्या कापून तयार होत्या, फक्त खिशाच्या खुणा राहिल्या होत्या. शिवणाऱ्या खोळंबलेल्या. मालक येरझाऱ्या घालत होते.

"मी करते," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण मलाच तो दुसरीकडून आल्यासारखा वाटला.

मालकांनी माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि घड्याळाचं ऐकलं. "कर. पण बिघडलं तर परत धागे कापायला बस, टेबलाचं नाव काढायचं नाही."

मी टेबलाच्या मागे, मास्तरांच्या जागी जाऊन उभी राहिले. टेप गळ्यात, दोन वेढे. विजेच्या यंत्राकडे ढुंकूनही बघितलं नाही. खिळ्याला लटकवलेला त्यांचाच टोचा घेतला, कारण मास्तर तोच घेतात. शर्टाच्या पुढच्या भागांच्या थप्प्या मांडल्या, डावे भाग डाव्या हाताला, उजवे उजव्या हाताला, आणि रोज बघितलं होतं अगदी तसं, त्याच झोकात टोचत गेले. तिन्ही थप्प्या मिळून चौसष्ट शर्ट. शेवटचा टोचा काढला तेव्हा डाव्या पायावर किंचित रेलून उभी होते.

तासाभराने खिसे लावणारी बाई उठून आली. तिच्या हातात एक तुकडा होता. "ह्या शाळेत पोरं काय उजवीकडं खिसा लावतात?"

चौसष्टच्या चौसष्ट शर्टांना मी उजव्या छातीवर भोकं पाडली होती. डावीकडच्या भागाला काजपट्टीचं जास्तीचं कापड असतं, त्यामुळे अदलाबदलही करता येत नाही. मालकांनी फक्त धागे कापायची छोटी कात्री आणून माझ्या हातात दिली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. घरी आले आणि त्या दिवशी नीट, सरळ चालत आले. आईने ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आल्या, बारशाच्या घुगऱ्यांचा डबा हातात घेऊन. बायांनी दारातच सगळं सांगितलं. त्यांनी एक तुकडा उचलला, भोक बघितलं, मग मला बघितलं.

"कुटला हात वापरलास?"

"उजवा."

"आन् रोज माझं बघताना उभी कुटं असतीस?"

"समोर. तिथे."

त्यांनी मला टेबलाच्या पलीकडे, माझ्या रोजच्या जागी उभं केलं. स्वतः आपल्या जागी उभ्या राहिल्या, डाव्या हातात टोचा घेतला आणि डाव्या हाताची थप्पी टोचल्यासारखं केलं. समोरून मला ती उजवीकडे दिसली. माझ्या उजव्या हाताला, उजवी थप्पी. मी सहा महिने आरशात बघून शिकत होते.

आता मला वाटलं, बोलणी बसणार. तर मास्तर टेबल धरून हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "आगं, माझा बाप वेळापुरात देवळाच्या भिंतीला लागून मशीन टाकून बसायचा. मी बी अशीच त्याच्या म्होरं बसून बघायची. तो उजव्या हातानं कापायचा, मला डावीकडं दिसायचं. आई म्हणायची, पोरगी जन्माची डावरी न्हाय, बापाला बघून बघून झाली. खरं खोटं तिलाच ठावं. मी तर पहिला सदरा शिवला त्याच्या काजाला बटण आन् बटणाला काज!"

मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "तू माझ्याकडं बघत हुतीस, कापडाकडं न्हाय. काजपट्टी कुटं हाय ते कापड सांगत हुतं की तुला. मला बघू नको. मी जिकडं बघते, तिकडं बघ."

मला रडू आलं. हसण्यामुळे की चुकीमुळे, सांगता येत नाही. मी म्हटलं, "मालक आता मला टेबलाजवळ फिरकू देणार नाहीत."

"भोकं कशानं पाडलीस? त्या करंटवाल्यानं?"

"नाही. तुमच्या टोच्याने."

त्यांचा चेहरा असा फुलला, जसं काही मी बक्षीस मिळवून आणलंय. तुकडा टेबलावर पसरला. बोट पाण्यात बुडवून भोकावर ओलसर फिरवलं आणि नखाने हलके हलके खरवडलं, आधी उभं, मग आडवं. आम्ही सगळ्या वाकून बघत होतो. भोक बारीक झालं, मग ठिपका उरला, आणि मग तोही गेला.

"धारेचा टोचा दोरा तोडतो," त्या म्हणाल्या. "तुटला की संपलं. बोथट टोचा दोरा नुसता बाजूला सारतो. बाजूला गेलेला दोरा माघारी येतो. चूक माघारी घ्यायला यावी म्हणून बापानं टोक गोल करून दिलं मला. लई चुकायची मी."

नक्कल करण्यात मी फसले होते आणि नक्कल केल्यामुळेच वाचले होते. ह्यातून काय धडा घ्यावा हे मला अजूनही नीट कळलेलं नाही. तुम्हाला कळला तर सांगा.

"आता मालकांना सांगून ये," मास्तर म्हणाल्या.

"तुम्ही सांगा ना."

"चूक तुझी, सांगणार तू. मी बाजूला उभी ऱ्हाते."

आणि खरंच, त्या फक्त बाजूला उभ्या राहिल्या. मी अडखळत, घाम पुसत सगळं सांगितलं, कशी चुकले आणि भोकं कशी बुजतील तेही. मालकांनी चष्मा वर करून तो तुकडा उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. "भोक कुठंय?" ते म्हणाले. मास्तरांनी माझ्या पाठीवर एक थाप मारली, थर निजवताना मारायच्या तशी.

तो दिवस मी विसरणार नाही. आम्ही नऊ जणी टेबलाभोवती वाट्यांत पाणी घेऊन बसलो आणि चौसष्ट भोकं नखांनी बुजवली. पंखा चालू होता! बारशाच्या घुगऱ्या संपल्या, मग मालकांनी चहा सांगितला. खिसे लावणारीने मला उजव्या खिशाच्या नावाने उखाणा घ्यायला लावला. कुणीतरी म्हणालं, ह्या शाळेतली पोरं आता शिस्तीत वागतील, शर्टाला एवढा हात लागलाय. दुपारपर्यंत सगळे शर्ट कोरे करकरीत. मग मास्तर टेबलाच्या मागे सरकून उभ्या राहिल्या आणि आपल्या शेजारच्या मोकळ्या जागेवर हात आपटला.

"समोर नको. हितं बाजूला ये."

त्या दिवशी डाव्या बाजूच्या खुणा मी केल्या. त्यानंतर पाच वर्षं मी त्यांच्या उजव्या हाताला उभी राहून काम केलं. त्यांचा डावा हात, माझा उजवा, त्यामुळे कोपराला कोपर कधी लागलं नाही. त्यांच्यासारखी कापायला शिकले म्हणू का? नाही. त्या लांब रेघ एका श्वासात ओढायच्या, मी दोन टप्प्यांत ओढते. पहिल्यांदा तशी ओढली तेव्हा त्यांच्याकडे भीतभीत बघितलं. त्या रेघेकडे बघत होत्या. "सरळ हाय की," म्हणाल्या. घरी जाताना माझ्या लक्षात आलं, माझा पाय आता मुरगळल्यासारखा पडत नाही.

मागच्या वर्षी त्यांचे गुडघे बोलू लागले आणि त्यांनी वेळापूरला भावाकडे जायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी मालकांनी शाल आणि नारळ दिला. मास्तरांनी शाल पांघरून घेतली आणि मालकांच्या खांद्यांवरून नजर फिरवली. "बेचाळीसचे चव्वेचाळीस झालासा मालक. जरा चालत जावा."

"मास्तर, आता टेबलावर कोण?" मालकांनी विचारलं.

"मला का इचारता? ती हितंच उभी हाय, तिला इचारा."

"मी," मी म्हटलं. ह्या वेळी आवाज माझाच होता.

"बघू, हा सीझन जाऊ दे," मालक म्हणाले.

मला खात्री होती की जाताना त्या टोचा माझ्या हातात देतील. मी तर मनात प्रसंग रंगवूनही ठेवला होता, डोळे कधी पुसायचे वगैरे. मास्तरांनी खिळ्यावरून टोचा काढला, रुमालात गुंडाळला आणि पिशवीत टाकला. मी बघतच राहिले.

"माझ्या बापाचा हाय त्यो. तुझा तू घासून घे की," त्या म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या. मला इतका राग आला की रडायचं राहूनच गेलं. रिक्षा वळेपर्यंत त्या रिक्षावाल्याचे खांदे निरखत होत्या.

आता त्या वेळापुरात भाचीच्या शिवणक्लासात खुर्चीवर बसून शिकवतात. फोन केला की म्हणतात, "तेरा पोरी हायत. सगळ्या बाजूला उभ्या केल्यात, म्होरं एक बी न्हाय." आणि मग फोन ठेवायची घाई, कारण कुणीतरी काजपट्टी उलटी लावलेली असते.

इथे सीझन गेला. टेबल माझ्याकडे राहिलं. पण हाक मारताना सगळे मला नावानेच मारायचे. मास्तर म्हटलं की अजून सगळ्यांच्या डोळ्यांपुढे त्याच यायच्या, माझ्यासुद्धा. मी उभी राहते तीही टेबलाच्या उजव्या अर्ध्या भागात. डावीकडची जागा मोकळी असते आणि तिथे मी खडूही ठेवत नाही.

इतके दिवस खुणा विजेच्या यंत्रानेच पाडत होते. मागच्या महिन्यात नवी पेठेतून नवा टोचा आणला. चकचकीत, टोक असं की नुसतं बघून बोट मागे घ्यावं. दुसऱ्या दिवशी चाचाची घंटी वाजली. मी कात्र्या घेऊन दारात गेले. चाकावर ठिणग्या उडत होत्या. कात्र्या झाल्यावर मी टोचा पुढे केला.

"धार लगाऊ?" त्याने विचारलं.

"नको. घालव. टोक गोल कर."

चाचाचा पाय पायडलवर थांबला. त्याने टोच्याकडे बघितलं, मग माझ्या गळ्यातल्या टेपकडे, मग माझ्या मागे, आत, टेबलाकडे. तिथे कुणी नव्हतं. मग तो हसला आणि कपाळावर हात मारला.

"अच्छा! तो अब मास्तर तुम है क्या?"

आतल्या मशिनी थांबल्या. सगळ्या बाया ऐकत होत्या. मी चाचाच्या एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत नजर फिरवली.

"अडतीस," मी म्हटलं.